डॉ. लिव्हिंग्स्टन व त्यांचे पूर्वज

राजेरजवाडे आणि सरदार-वतनदार यांच्या घराण्यांचा इतिहास शोधणें फारसें अवघड नसतें. त्यांच्या बखरी असतात, सनदा असतात, वंशावळी असतात. निदान भिंतीवर टांगलेली एखादी तलवार तरी असते. परंतु ज्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनींत नांगर धरला, दुसऱ्याच्या पडावावर वल्हें मारलें किंवा दुसऱ्याच्या गिरणींत सूत काढलें, त्यांचा इतिहास कोठें शोधावा? आमच्या अलिबाग तालुक्यांत, मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत, अशींच घरें पुष्कळ. पणज्याचें नांव विचारलें तर मुलगा गप्प होतो. आणि पणजा खोताचें कूळ होता किंवा कोणाच्या घरीं गडी होता हें ठाऊक असलें, तर तें चारचौघांत सांगण्यास तो लाजतो. अशा मुलांसाठीं आज एका जगविख्यात पुरुषाचें चरित्र सांगावयाचें आहे. त्यांनीं आपल्या मजूर पूर्वजांची लाज तर धरली नाहींच. उलट कीर्तीच्या शिखरावर असतां एका ओसाड बेटावर जाऊन आपल्या आजोबांच्या पडक्या घराच्या भिंती शोधून काढल्या. ते पुरुष म्हणजे आफ्रिकेचे प्रवासी व मिशनरी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत लहानमोठीं शेंकडों बेटें आहेत. त्यांतील मल नांवाच्या मोठ्या बेटाला खेटून उल्वा नांवाचें एक लहानसें बेट आहे. जमीन खडकाळ, वारा बारमाही, आणि पीक म्हणाल तर जव, ओट व बटाटे. जमीन कुळांच्या मालकीची नसे. ती जमीनदाराची असे व कुळांनीं तिचा खंड भरावयाचा असे. पोटाला कमी पडलें कीं मासे धरावे, किनाऱ्यास लागणारें समुद्री शेवाळ जाळून त्याची राख कांच व साबण करणाऱ्या कारखानदारांसाठीं विकावी, असा तेथील संसार. आमच्या कोळी-आगरी वाचकांस तो परका वाटूं नये. या बेटावर नील लिव्हिंग्स्टन नांवाचा एक गरीब शेतकरी राहत होता. त्याचे वडील १७४६ मध्यें कलोडनच्या लढाईंत जुन्या राजघराण्याच्या बाजूनें लढतां लढतां पडले होते. हा नील म्हणजे आमच्या चरित्रनायकाचा आजा.

नीलजवळ कागदपत्रें नव्हतीं, पण स्मरणशक्ति होती. घराण्याच्या मागील सहा पिढ्यांच्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या व त्या तो नातवंडांस सांगे. आजी गेलिक भाषेंतील जुनीं गाणीं म्हणे. आमच्या आज्या जात्यावर ओव्या गात, तशींच तीं. या गोष्टींपैकीं एक गोष्ट डेव्हिडच्या मनावर कायमची ठसली. पूर्वजांतील एकजण मरणशय्येवर पडला असतां त्यानें मुलांस जवळ बोलाविलें व त्यांस सांगितलें कीं, घराण्याविषयीं जें जें ऐकावयास मिळालें तें तें मीं नीट धुंडाळून पाहिलें, परंतु त्यांत लबाड माणूस एकही आढळला नाहीं. तेव्हां उद्यां तुमच्यापैकीं कोणी वांकडी वाट धरली, तर ती वडिलोपार्जित आहे अशी सबब त्याला सांगतां येणार नाहीं. त्या म्हाताऱ्याजवळ वांटून देण्यास शेत नव्हतें कीं सोनें नव्हतें. ही एवढीच त्याची इस्टेट, आणि ती त्यानें सर्वांस सारखी वांटून दिली.

पुढें नीलचें कुटुंब वाढलें आणि उल्व्याच्या खडकांतून इतक्या तोंडांना पुरेसें अन्न निघेना. तेव्हां १७९२ सालीं त्यानें बेट सोडलें आणि ग्लासगो शहराजवळ, क्लाइड नदीच्या कांठीं असलेल्या ब्लँटायर या गांवीं सूतगिरणींत तो कामास लागला. कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील हजारों माणसें पुढें ज्या कारणानें मुंबईच्या गिरणगांवांत गेलीं, तेंच हें कारण. इंग्रजी तर त्याला परक्या भाषेसारखी. तरी थोड्याच काळांत गिरणीच्या मालकांनीं त्याची पारख केली. ग्लासगोहून गिरणीपर्यंत मोठमोठ्या रकमा नेण्याचें काम त्यांनीं या बेटावरच्या शेतकऱ्याकडे सोंपविलें, आणि म्हातारपणीं त्याला निवृत्तिवेतनहि दिलें. पूर्वजाच्या उपदेशाची ही पहिली कसोटी होती, व तींत नील उतरला.

त्याच्या मुलांपैकीं कांहीं फ्रान्सशीं चाललेल्या युद्धांत लष्करांत व आरमारांत गेले. डेव्हिडचे वडील, त्यांचेंहि नांव नीलच, घरीं राहिले. त्यांस प्रथम डेव्हिड हंटर नांवाच्या शिंप्याकडे उमेदवारीस ठेविलें होतें. १८१० मध्यें त्याच शिंप्याची मुलगी ॲग्नेस हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. नंतर ते गांवोगांव फिरून चहा विकूं लागले. वजनांत व बोलण्यांत ते इतके चोख होते कीं त्या धंद्यांत त्यांस श्रीमंती कधींच आली नाहीं. रविवारीं ते मुलांस शास्त्र शिकवीत, आणि फिरतांना चहाबरोबर धर्मपर पुस्तिकाहि वांटीत.

अशा घरीं १९ मार्च १८१३ रोजीं डेव्हिडचा जन्म झाला. घर म्हणजे गिरणीच्या चाळींतील एक खोली. त्या चाळींत चोवीस कुटुंबें राहत. एकाच खोलींत आईवडील, पांच मुलें, चूल आणि अंथरुणें. डेव्हिड दहा वर्षांचा झाला तेव्हां घरखर्चास हातभार लागावा म्हणून त्याला गिरणींत घातलें. तुटलेले धागे सांधणें हें त्याचें काम. सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत तो यंत्रांच्या खडखडाटांत उभा असे. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतील कांहीं पैशांचें त्यानें लॅटिन व्याकरणाचें पुस्तक घेतलें. रात्रीं आठ ते दहा गिरणीच्या शाळेंत शिकावें, आणि मग घरीं मध्यरात्रीपर्यंत वाचीत बसावें. शेवटीं आई हातांतून पुस्तक काढून घेई तेव्हां तो निजे. दिवसां कामावर असतांना तो पुस्तक यंत्राच्या एका भागावर उघडें ठेवी आणि येतांजातां एकेक वाक्य वाचून घेई. आमच्या शाळेंतील ज्या विद्यार्थ्यांस घरीं वाचावयास वेगळी खोली नाहीं म्हणून वाईट वाटतें, त्यांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

एकोणिसाव्या वर्षीं डेव्हिडला सूत काढणाऱ्याची जागा मिळाली. उन्हाळ्यांत गिरणींत राबून सांठविलेल्या पैशांवर तो १८३६ पासून हिंवाळ्यांत ग्लासगो येथें वैद्यकी शिकूं लागला. मिशनरी होऊन चीनमध्यें जावें अशी त्याची इच्छा होती. परंतु अफूच्या युद्धामुळें ती वाट बंद झाली. १८४० मध्यें वैद्यकीची परीक्षा व दीक्षाविधि आटोपून लंडन मिशनरी सोसायटीतर्फे डॉ. लिव्हिंग्स्टन दक्षिण आफ्रिकेस निघाले. १८४४ मध्यें एका सिंहानें त्यांच्यावर झडप घालून डाव्या दंडाचें हाड मोडलें. तें हाड पुन्हां नीट जुळलें नाहीं. या हाडाचा उल्लेख पुढें पुन्हां येणार आहे.

त्यांच्या प्रवासांची सर्व हकीकत येथें देण्याचें कारण नाहीं; ती भूगोलाच्या पुस्तकांत आहे. कलहारीचें वाळवंट ओलांडून १८४९ मध्यें ते न्गामी सरोवरास पोंचले, आणि १८५६ पर्यंत पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत त्यांनीं आफ्रिका खंड पार केलें. परंतु या प्रवासांतील एक प्रसंग आमच्या विषयास लागू आहे. १८५४ मध्यें ते सत्तावीस आफ्रिकन सोबत्यांसह पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडा बंदरास पोंचले, तेव्हां ते तापानें अगदीं खंगले होते. बंदरांत इंग्रजी जहाजें उभीं होतीं व त्यांचे कप्तान त्यांस मायदेशीं नेण्यास तयार होते. बायकामुलें तिकडेच होतीं. परंतु या सत्तावीस माणसांस घरीं परत पोंचवीन असें वचन त्यांनीं दिलें होतें. त्यांनीं जहाजाकडे पाठ फिरविली आणि आलेली वाट पुन्हां चालण्यास आरंभ केला. अरण्यांत हें वचन मोडलें असतें तर विचारणारें कोण होतें? पण उल्व्याचा तो म्हातारा सहा पिढ्यांमागून पाहत होता, असेंच म्हणावें लागतें.

या प्रवासांनीं त्यांस गुलामांच्या व्यापाराचें भयंकर रूप दाखविलें. तो व्यापार बंद पाडावा म्हणून न्यासा सरोवरावर चालविण्यासाठीं त्यांनीं सुमारें ६,००० पौंड पदरचे खर्चून ‘लेडी न्यासा’ नांवाची एक लहान आगबोट बांधविली. परंतु झांबेझी नदीवरील त्यांच्या मोहिमेस अपयश आलें, १८६२ मध्यें त्यांच्या पत्नी मेरी तेथेंच तापानें वारल्या, आणि सरकारनें मोहीम परत बोलाविली. आतां बोट विकणें प्राप्त होतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच तिला गिऱ्हाईक होतें. परंतु तेथें विकली तर ती गुलाम वाहण्याच्या कामीं येईल हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं ती मुंबईस नेऊन विकण्याचें ठरविलें.

३० एप्रिल १८६४ रोजीं तीन युरोपियन खलाशी, समुद्र कधीं न पाहिलेले सात आफ्रिकन आणि चुमा व विकातानी हे दोन मुलगे यांस घेऊन ते झांजिबारहून निघाले. सुकाणूदार स्वतः डॉक्टरच. अंतर सुमारें २,५०० मैल, कोळसा थोडा, आणि कित्येक दिवस वारा पडलेला. ज्येष्ठ-आषाढांत आमचे कोळी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे पाऊल टाकीत नाहींत. अशा दिवसांत, नदीसाठीं बांधलेली ही बोट १३ जून रोजीं मुंबई बंदरांत शिरली. मांडव्याच्या किनाऱ्यावरून समोर जें बंदराचें तोंड दिसतें, तेंच हें. बोट इतकी लहान होती कीं ती आल्याची कोणी दखलहि घेतली नाहीं. जगांतील एक अत्यंत प्रसिद्ध प्रवासी धुक्यांतून आमच्या दारासमोर आला आणि कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं.

मुंबईंत डॉ. जॉन विल्सन होते. तेहि स्कॉटलंडच्या शेतकरी घराण्यांतील. १८२९ पासून त्यांनीं मुंबईंत शिक्षणाचें कार्य चालविलें होतें. चुमा व विकातानी यांस त्यांच्या शाळेंत ठेवून लिव्हिंग्स्टन जूनअखेर मायदेशीं निघाले.

आणि तेथें, ऑगस्ट १८६४ मध्यें, ते उल्वा बेटावर गेले. सत्तर वर्षांपूर्वीं आजोबांनीं सोडलेलें घर त्यांनीं शोधून काढलें. त्या जागेला गेलिक भाषेंत गुहा या अर्थाचें नांव होतें. छप्पर नव्हतें, भिंतींचे अवशेष तेवढे उभे होते. बेटहि पूर्वींचें राहिलें नव्हतें. एकेकाळीं तेथें सुमारें ६०० माणसें राहत. पुढें शेवाळाच्या राखेचा धंदा बुडाला, १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला, आणि नव्या जमीनदारानें कुळांस काढून तेथें मेंढ्या चरावयास सोडल्या. थोड्याच वर्षांत बहुतेक बेट ओसाड झालें. म्हणजे डॉ. लिव्हिंग्स्टन यांस आजोबांचें घर सांपडलें, पण त्या घराच्या गोष्टी सांगणारा शेजार सांपडला नाहीं. गोष्टी होत्या त्या त्यांच्याच स्मरणांत, आजोबांनीं सांगून ठेवलेल्या.

पुढील वर्षीं त्यांच्या आई वारल्या. वडील १८५६ मध्येंच, मुलगा आफ्रिकेंतून परतण्यापूर्वीं, निवर्तले होते. हॅमिल्टन येथें आईवडिलांच्या थडग्यावर जी शिळा आहे, तिच्यावर गरीब आणि धार्मिक आईबाप दिल्याबद्दल मुलांनीं देवाचे आभार मानले आहेत. या लेखाविषयीं एक गोष्ट सांगतात. तेथें ‘आणि’ ऐवजीं ‘पण’ असा शब्द घालावा असें कोणीं सुचविलें, तेव्हां डेव्हिडनें तें साफ नाकारलें. ‘पण’ म्हटलें म्हणजे गरिबी हा दोष होतो व धार्मिकपणा त्याची भरपाई ठरतो. त्यांच्या मतें गरिबी हाहि आभार मानण्याजोगा वारसा होता. एका लहानशा उभयान्वयी अव्ययांत केवढें मोठें शील सांठविलेलें असूं शकतें, हें व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनीं पाहावें.

सप्टेंबर १८६५ मध्यें ते पुन्हां मुंबईस आले. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला आलेली तेजी ओसरली होती व मुंबईच्या पेढ्या कोसळत होत्या. ‘लेडी न्यासा’ अवघ्या २,३०० पौंडांस विकली गेली, आणि ते पैसे ज्या बँकेंत ठेवले ती पुढें बुडाल्यामुळें तेहि गेले. तथापि या फेरींत त्यांस पैशांहून मोलाचें कांहीं मिळालें. नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीनें आफ्रिकन मुलांसाठीं एक आश्रम चालविला होता. गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं मुलें तेथें लिहिणें-वाचणें व सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकत. त्यांतील नऊ तरुण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर जाण्यास आपण होऊन तयार झाले. डॉ. विल्सन यांच्या शाळेंतून चुमा व विकातानी हेहि आले. त्या दोघांचा बाप्तिस्मा डिसेंबर १८६५ मध्यें मुंबईंतच झाला होता. जानेवारी १८६६ मध्यें ही मंडळी मुंबई सोडून झांजिबारकडे निघाली.

तो डॉक्टरांचा अखेरचा प्रवास. तो सात वर्षें चालला. कोणी पळून गेले, कोणी मेले. औषधांची पेटी चोरीस गेली. विकातानीला आपले नातलग भेटले व तो त्यांच्याकडे राहिला. १८७१ मध्यें स्टॅन्ली नांवाचा वार्ताहर त्यांस शोधीत उजिजी येथें आला. त्यानें परत चलण्याचा आग्रह केला, पण काम अपुरें म्हणून त्यांनीं तो मानला नाहीं. स्टॅन्लीनें पुढें किनाऱ्यावरून पाठविलेल्या मदतनिसांत नाशिकचा जेकब वेनराइट व त्याचे कांहीं शाळासोबती होते. १ मे १८७३ च्या पहांटे, आजच्या झांबिया देशांतील चितांबोच्या गांवीं, बिछान्याशेजारीं गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या स्थितींत डॉक्टर मृत आढळले.

आतां पाहा. धनी मेलेला, देश अनोळखी, समुद्र शेंकडों कोस दूर. प्रेत तेथेंच पुरून सामान वांटून घेतलें असतें, तर त्या सोबत्यांस कोणीहि दोष दिला नसता. परंतु सुसी, चुमा, नाशिकचे गार्डनर व मब्रुकी आणि बाकीचे यांनीं धन्याला त्याच्या माणसांत पोंचविण्याचा निश्चय केला. त्यांनीं हृदय एका झाडाखालीं पुरलें. जेकबनें अंत्यविधीचा पाठ वाचला व झाडावर नांव कोरलें. शरीर मीठ लावून उन्हांत वाळविलें, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळलें. सर्व वस्तूंची यादी केली, रोजनिशा सांभाळल्या, आणि तें ओझें खांद्यावर घेऊन सुमारें १,५०० मैल ते चालले. वाटेंत प्रेत नेण्यास लोक अडवूं लागले, तेव्हां प्रेत पुरल्याचा बहाणा करून खरें ओझें कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधलें. वाटेंत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें येथेंच दफन करा असें सुचविलें; तेंहि त्यांनीं ऐकलें नाहीं. फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयो येथें समुद्रास पोंचले. लंडनमध्यें सर्जनांनीं सिंहानें मोडलेलें तें दंडाचें हाड पाहून देह ओळखला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें, राजेमहाराजांच्या शेजारीं, गिरणीमजुराचें दफन झालें. शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकच्या शाळेंत शिकलेला जेकब वेनराइट होता.

डॉ. लिव्हिंग्स्टन निर्दोष होते असें नाहीं. झांबेझीच्या मोहिमेंत ते सोबत्यांशीं कठोरपणें वागले. त्यांच्या पत्नीला व मुलांना त्यांच्या ध्येयाची मोठी किंमत मोजावी लागली. आणि त्यांनीं दाखविलेल्या वाटांनीं पुढें युरोपच्या सत्तांनीं आफ्रिका वांटून घेतली. शिवाय ज्या ब्लँटायरच्या गिरणीनें त्यांच्या घराला भाकर दिली, तेथील कापूसहि बहुतांशीं अमेरिका खंडांतील गुलामांच्या घामावर पिकलेला होता. हें सर्व खरें आहे, आणि खरें आहे म्हणून तें सांगितलें पाहिजे. तरीपण गुलामांच्या बाजारांविरुद्ध त्यांनीं लिहिलेल्या हकीकतींनीं लोकमत जागें झालें. मुंबईचे पूर्वींचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं झांजिबारच्या सुलतानाशीं चालविलेल्या वाटाघाटींस जून १८७३ मध्यें फळ आलें व तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. लिव्हिंग्स्टन त्याआधीं महिनाभरच वारले होते.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून एक गोष्ट ध्यानांत येते. उल्व्याच्या त्या म्हाताऱ्याची ठेव रक्तानें नव्हे, तर आचरणानें पुढें गेली. आजोबांनीं ती पैशाच्या पिशवींत जपली, वडिलांनीं चहाच्या तागडींत, नातवानें अरण्यांतील वचनांत. आणि शेवटीं ती अशांच्या हातीं आली कीं ज्यांचें त्या घराण्याशीं रक्ताचें कांहींच नातें नव्हतें, ज्यांना स्वतःच्या आजोबांचें नांवहि गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं विसरावयास लावलें होतें. ज्यांचे पूर्वज हिरावून घेतले गेले, त्यांनींच दुसऱ्याच्या पूर्वजाचा वारसा खांद्यावर वाहिला.

उल्वा बेट २०१८ मध्यें त्या परिसरांतील रहिवाशांच्या संस्थेनें सामाईक मालकीचें म्हणून विकत घेतलें. स्कॉटलंडमध्यें आपल्या शेतकरी-मजूर पूर्वजांचा माग काढणारे लोक चर्चच्या नोंदवह्या, १८४१ पासूनच्या खानेसुमारीचीं पानें आणि जमीनदारांच्या खंडाच्या वह्या चाळतात. आमच्याकडेहि कांहींच नाहीं असें नव्हे. सातबाराचे जुने उतारे आहेत, शाळांचीं दाखल-खारिज रजिस्टरें आहेत, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, गिरणीचे पगारपत्रक एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं आहे. आणि या सर्वांहून मोठें दप्तर ओटीवर बसलेलें आहे. तें म्हणजे तुमची आजी. तें दप्तर कायमचें उघडें राहणार नाहीं. या सुटींत तिच्याजवळ बसा, पणज्याचें नांव विचारा, तो कोणाच्या शेतांत राबला, कोणत्या बंदरावरून कोठें गेला, आणि कोणता शब्द त्यानें पाळला, हें लिहून ठेवा. आईबापांनींहि तें सांगतांना ‘आम्ही गरीब होतों, पण’ असा आरंभ करूं नये. ‘आम्ही गरीब होतों आणि’ असा करावा.